परसातलं उन्हाळं

पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात जड वस्तू हलवायची म्हटली की फोन हायड्रा क्रेनवाल्याला जातो. त्याचे प्रश्न ठरलेले. माल किती टनाचा? गाडी आत येते का? वरून तार जाते का? उतरवायचा कुठं? लेथ असो, पॉवर प्रेस असो की डीजी सेट, उत्तरं मिळाली की तो शिफ्टचा दर सांगतो आणि विषय संपतो. घरामागच्या मोकळ्या जागेत ठेवायचा गरम पाण्याचा टब हाही त्याच्या हिशेबात मालच. रिकाम्या टबाचं वजन तीन-साडेतीनशे किलो. रोज टनांत बोलणाऱ्याला हे किरकोळ वाटतं आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो, कारण टब रिकामा राहत नाही. पाच-सहा जणांच्या टबात साधारण १५०० लिटर पाणी मावतं, म्हणजे दीड टन. पाच माणसं बसली की आणखी साडेतीनशे किलो. सगळं मिळून जवळपास सव्वादोन टन, सात फूट बाय सात फुटांच्या चौकोनावर, वर्षानुवर्षं एकाच जागी.

म्हणून 'गच्चीवर टाकू की' हे वाक्य पहिल्याच बैठकीत मोडून काढावं लागतं. आपल्याकडे घराची गच्ची ज्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ८७५) डिझाइन होते, त्यात माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला साधारण दीडशे किलो वजन धरलेलं असतं. भरलेला टब त्याच चौरस मीटरवर पाचशे किलोच्या आसपास जातो. 'दोन हजार लिटरची टाकी उभीच आहे की वर' असं घरमालक म्हणतो. पण ती टाकी स्लॅबच्या मध्यावर नसते. जिन्याच्या खोलीवर, बीम आणि कॉलमवर तिचा भार उतरवलेला असतो, निदान उतरवलेला असायला हवा. टबाला ती मुभा नाही. त्याला आकाश हवं, आडोसा हवा आणि खाली घट्ट जमीन हवी.

ही जमीनच तळवड्यात महाग आहे. गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. एका अंगाला इंद्रायणी, दुसऱ्या अंगाला निगडी-रुपीनगरची दाट वस्ती, मधून देहू-आळंदी रस्ता, एका टोकाला सॉफ्टवेअर पार्क, आणि त्या सगळ्याच्या सांदीत शेडच शेड. गुंठ्या-अर्ध्या गुंठ्याच्या तुकड्यांवर घरं उभी राहिली आणि तुकड्याच्या चारही कडांपर्यंत पोचली. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. टब सात बाय सातचा असला तरी त्याचा पंप आणि हीटर पोटात असतो, कुठल्याही बाजूचा पत्रा काढून हात घालायची वेळ येते, म्हणून सगळीकडून दोन फूट मोकळे लागतात. अकरा बाय अकरा झाले, १२१ चौरस फूट. बरोबर गुंठ्याचा नववा हिस्सा. एवढ्या जागेत रुपीनगरमध्ये भाडेकरूची खोली निघते आणि ती दर महिन्याला पैसे देते.

ज्यांच्याकडे परस उरलं आहे त्यांच्यापुढे वेगळे प्रश्न आहेत. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीच्या २००० यार्डांच्या रेड झोनमध्ये तळवड्याचा बराच भाग येतो, तिथं बांधकामावर निर्बंध आहेत. नदीकडे सरकलं तर निळी पूररेषा. पलीकडे चिखलीत त्या रेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले महापालिकेने मे २०२५ मध्ये पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता, सर्वोच्च न्यायालयातही दिलासा मिळाला नव्हता. टब स्वतः बांधकाम नव्हे, तो उचलून नेता येतो. तो ज्या घराच्या मागे ठेवायचा त्या घराचे कागद मात्र आधी पाहावेत. टबाची माहिती विचारायला आलेल्या गिऱ्हाइकाला विक्रेता सहसा हे सांगत नाही, त्याचा तो धंदा नाही.

समजा कागद नीट आहेत, जागा आहे, हौस आहे आणि पैसेही आहेत. फुगवायचा टब हजारांत मिळतो, ॲक्रिलिकचा पक्का टब लाखांत जातो. आता तो बसवायचा. नदीकाठची माती काळी आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर ठेवलेली कोणतीही फरशी वर्षभरात कलंडते. गवंडी सांगेल ते ऐकावं: काळी माती दोन-अडीच फूट काढून टाका, मुरूम भरा, पाणी मारून धुमसून घ्या, सोलिंग, पीसीसी, वर जाळी बांधून सहा इंचांचं काँक्रीट. अंगणातल्या फरशीला बाहेर ढाळ देतात तसा इथं द्यायचा नाही, पृष्ठभाग दोन्ही दिशांनी लेव्हलला हवा. पाणी फार चहाडखोर असतं. टब अर्धा इंच जरी कलला तरी काठाशी पाण्याची रेघ ते दाखवते आणि एका बाजूचे जेट उघडे पडतात.

बाकी बसवण्याचं काम इथल्या माणसांना शिकवावं लागत नाही. हायड्रा गल्लीत शिरत नसेल तर जड मशीन हलवणारे खलाशी येतात, टब कडेवर उभा करतात आणि पाइपांवर घेऊन, पहारीने रेटत, बोळातून मागच्या दारी नेतात. मशीन शिफ्टिंगमध्ये हेच करतात. भरताना नळी फिल्टरच्या खड्ड्यात सोडायची, नाहीतर पंप हवा धरतो. ही गोष्ट विहिरीवर मोटर बसवलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते.

पंपाचा विषय निघाला म्हणून थोडं मागे जातो, कारण या वस्तूचा जन्मच पंपाच्या कारखान्यात झाला आहे. इटलीच्या फ्रिउली भागातून कॅलिफोर्नियात गेलेले सात जकूझी भाऊ. आधी विमानाचे पंखे बनवायचे, मग स्वतःचं विमान बनवलं. १९२१ मध्ये ते पडलं, त्यात एक भाऊ, जोकोंडो, गेला आणि घराने उडण्याचा नाद सोडला. हवा ढकलायची विद्या त्यांनी पाण्याला लावली. १९२६ च्या सुमारास त्यांनी विहिरीसाठी जेट पंप काढला आणि शेतीच्या पंपांवर धंदा उभा केला. पुढे कँडिडो या भावाच्या मुलाला, केनेथला, अगदी लहानपणी संधिवात जडला. इस्पितळात त्याला फिरत्या गरम पाण्यात बसवत, बरं वाटे, पण हे रोज घरी कसं करायचं? बापाने घरच्या बाथटबात सोडता येईल असा पंप बनवला. १९५६ मध्ये तो 'जे-३००' नावाने बाजारात आला, तोही मुख्यतः इस्पितळांसाठी आणि दुखणाइतांसाठी. १९६८ मध्ये पुढच्या पिढीतल्या रॉय जकूझीने जेट टबाच्या भिंतीतच बसवले आणि तिथून ते औषध चैनीच्या खात्यात जमा झालं. त्याच काळात सँटा बार्बराकडची मंडळी दारूचे जुने लाकडी पिंप अंगणात ठेवून गरम पाण्यात बसू लागली होती. हे दोन ओढे एकत्र येऊन आजचा टब झाला. आपल्याकडे बोलण्यात सगळ्याच टबांना 'जकूझी' म्हणतात, त्या आडनावाच्या मागे शेतीपंपाचा कारखाना आणि एक आजारी पोरगा आहे.

हे वाचताना मला किर्लोस्करवाडी आठवते. १९१० मध्ये माळरानावर वसवलेली, नांगरापासून सुरुवात करून पंपांपर्यंत गेलेली. आणि पुढे पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण. टबाचा एकेक भाग सुटा करून पाहा: व्हॅक्यूमवर ओढलेला ॲक्रिलिकचा पत्रा, त्याला मागून दिलेली फायबरची जाडी, पफचं इन्सुलेशन, स्टेनलेस हीटर, दोन हॉर्सपॉवरचा पंप, कंट्रोल पॅनेल, लोखंडी किंवा फायबरचा सांगाडा. यातलं कुठलं काम या पट्ट्यात होत नाही? गाड्यांचे आणि बसचे प्लास्टिकचे भाग ज्या रीतीने ओढतात त्याच रीतीने टबाची कवचं ओढली जातात. तरी टब बहुधा चीनहून किंवा युरोप-अमेरिकेतून कंटेनरने येतो. कारण सरळ आहे. साच्याचा खर्च निघायला गिऱ्हाईक लागतं आणि गिऱ्हाइकाला परस लागतं.

विजेचा भाग मात्र गवंड्यावर किंवा ओळखीच्या वायरमनवर सोडू नये. तीन किलोवॅटचा हीटर आणि दीड किलोवॅटचा पंप एकदम चालू होणार म्हणून घराचा मंजूर भार आधी तपासावा लागतो, महावितरणकडे तो वाढवून घ्यावा लागतो. टबासाठी पॅनेलपासून स्वतंत्र केबल, ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, टबात बसलेल्याचा हात पोचणार नाही अशा अंतरावर आयसोलेटर, आणि खरीखुरी अर्थिंग. खरीखुरी म्हणायचं कारण असं की अनेक घरांत अर्थिंगची हिरवी वायर असते, ती कुठंच जात नाही. माणूस ओल्या अंगाने, पाण्यात बुडून, मोटरीपासून दोन फुटांवर बसणार आहे. इथं पैसे वाचवू नयेत. अमेरिकेतून घरसामानासोबत टब आणायचा विचार असेल तर त्याच्या पाटीवर ६० हर्ट्झ लिहिलंय का पाहावं. आपली वीज ५० हर्ट्झची. त्या पंपाचा वेग सहाव्या हिश्शाने उतरतो आणि मोटर तापते.

बिलाचं गणित कागदावर मांडता येतं. डिसेंबरात टाकीतलं पाणी २० अंशांचं धरलं, ते ३८ अंशांवर न्यायचं, तर १५०० लिटरला सुमारे ३१ युनिट लागतात आणि तीन किलोवॅटचा हीटर साडेदहा तास चालतो. हे एकदाच. त्यानंतर तापलेलं पाणी तापलेलं ठेवण्याचा खर्च सुरू होतो. कॅलिफोर्निया राज्याने अशा टबांसाठी नुसतं गरम राहण्याला किती वीज खावी याची कमाल मर्यादा ठरवून दिली आहे. १५०० लिटरला ती दिवसाला पावणेसहा युनिटांच्या घरात येते, महिन्याला पावणेदोनशे. तळवड्यात हवा उबदार, त्यामुळे खर्च काहीसा कमी, पण झाकण चांगलं असलं तरच. आपल्या घरगुती बिलाचे टप्पे शंभर, तीनशे आणि पाचशेवर चढतात, टबाचे युनिट नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यात पडतात.

आता पाणी. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी मिळतं. पवनेचं पाणी रावेतला उचलतात. आंद्रा धरणाचं पाणी इंद्रायणीतून येऊन तळवड्याच्या शेजारीच, निघोजे बंधाऱ्यावर उचललं जातं आणि चिखलीच्या केंद्रात शुद्ध होतं. अशा गावात दीड हजार लिटरचा टब म्हणजे मस्तीच, असं कोणीही म्हणेल. मीही तसंच धरून चाललो होतो, पण आकडे वेगळं बोलतात. माणशी १३५ लिटरच्या प्रमाणाने चौघांच्या घराचं दिवसाचं पाणी ५४० लिटर. टब एकदा भरणं म्हणजे घराचं पावणेतीन दिवसांचं पाणी. चौघं रोज बसत असतील तर ते महिन्याने बदलावं, कमी वापर असेल तर तीन महिन्यांनी. रोजच्या चौघांचा हिशेब माणशी दिवसाला साडेबारा लिटर पडतो, बादलीपेक्षा कमी. बोअरचं पाणी भरावं का? शक्यतो नको, आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी जड असतं, हीटरवर क्षारांचा थर बसतो. टँकरचं पाणी कुठून आलं हे विचारून घ्यावं.

म्हणजे पाणी फार लागत नाही. लागते ती राखण, आणि माझ्या मते या वस्तूची खरी किंमत तीच आहे. महिनाभर तेच पाणी, त्यात रोज माणसं. बिसलरीच्या बाटलीतलं पाणी आपण दोन दिवसांनी झाडाला घालतो, आणि इथं जुन्या पाण्यात हौसेनं उतरायचं. ते पाणी जिवंत माणसाला सोसेल असं ठेवायचं तर क्लोरीन किमान ३ पीपीएम, सामू ७ ते ७.८ च्या मध्ये, दर एक-दोन दिवसांनी पट्टी बुडवून तपासणी, आठवड्याला फिल्टर धुणं. जेटमधून हवा घुसळली की सामू आपोआप वर चढतो, मग तो खाली आणायचा. गावच्या विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर इथं चालत नाही, तिच्यातलं कॅल्शियम पुन्हा हीटरवर बसतं. एवढं सगळं करणाऱ्या घरात चिखलीच्या जलशुद्धीकरण केंद्राची एक बारकी शाखाच उघडलेली असते, फक्त तिथं पगारी केमिस्ट नसतो.

हे केलं नाही तर काय होतं याचं उदाहरण नेदरलँडमधलं आहे. फेब्रुवारी १९९९, बोव्हेनकार्स्पेल गावातलं फुलांचं प्रदर्शन. तिथं विक्रीसाठी मांडलेला एक टब चालू ठेवला होता. त्यात कोणी अंघोळ केली नाही, लोक नुसते बाजूने गेले. गरम पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढले होते, बुडबुड्यांच्या तुषारांतून ते हवेत गेले. दीडशेहून जास्त माणसं न्यूमोनियासारख्या आजाराने पडली, किमान ३२ दगावली. हा जिवाणू २५ ते ४५ अंशांत सुखाने वाढतो, टबाचं तापमान नेमकं त्यात बसतं. पट्ट्यातल्या कारखान्यांत युटिलिटी विभागात काम करणाऱ्यांना यात नवं काही नाही. कूलिंग टॉवरचं पाणी ते असंच सांभाळतात, टीडीएस मोजतात, बायोसाइड घालतात, ठरावीक पाणी सोडून देतात. टब घ्यायचाच असेल तर अशा माणसाचा सल्ला विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा मोलाचा. आणि टब बंद करून महिनाभर गावाला जायचं असेल तर तो कोरडा करूनच जावं. झाकणाखाली साठलेल्या गार पाण्यात डेंग्यूचे डास होतात, महापालिकेचं पथक घरोघर पाहणी करतं आणि दंडही करतं.

तापमान चाळीस अंशांच्या वर नेऊ नये, पंधरा-वीस मिनिटांत बाहेर यावं. गरोदर बाई, हृदयरोगी आणि लहान मुलं यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत जाऊ नये, आणि कोणीही पिऊन बसू नये. शेवटची सूचना सर्वांत जास्त मोडली जाते.

मराठी घरात टब न रुजण्याचं कारण मात्र पाणी, वीज, जागा यांच्या पलीकडे आहे. आपली अंघोळ अंगावर घ्यायची असते. नरक चतुर्दशीच्या पहाटे बंब पेटतो, घंगाळात विसण होतं, तेल-उटणं लागतं, आणि तांब्या तांब्या करून पाणी अंगावरून जातं. गेलं ते गेलं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीने पिढ्यान्‌पिढ्या जे बंब आणि घंगाळी ठोकली ती या वाहत्या अंघोळीसाठी. अंग धुतलेल्या पाण्यात बसून राहणं आपल्याला ओंगळ वाटतं, आणि दुसऱ्याच्या अंगाच्या पाण्यात बसणं त्याहून.

तरी आपण बसतो. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची कुंडं, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, मुंबई-गोवा रस्त्यावरची आरवली, तुरळ, राजवाडी, खानदेशात चोपड्याकडचं उनपदेव. कोकणात त्यांना उन्हाळं म्हणतात. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल जातं आणि तापून वर येतं. सांधे धरलेली माणसं या कुंडांत अनोळखी माणसांशेजारी निवांत बसतात. आयुर्वेदातही गरम काढ्याने भरलेल्या भांड्यात बसवण्याचा अवगाह स्वेद आहे, चरकाच्या तेरा स्वेदांतला एक. म्हणजे दुखण्यासाठी बसायला आपली ना नाही. केनेथच्या बापानेही सुरुवात तिथूनच केली होती.

मला वाटतं तळवड्याला टब हवा असेल तर तो या बाजूने यावा. आठ-आठ तास प्रेससमोर उभं राहणाऱ्याच्या, फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याच्या, असेंब्ली लाइनवर दिवसभर वाकणाऱ्याच्या पाठीला गरम पाण्याची गरज कोणत्याही फार्महाऊसवाल्यापेक्षा जास्त आहे. जपानी घरात एका माणसापुरता खोल टब असतो. बाहेर साबण लावून, अंग धुऊन मगच त्यात उतरायचं, एकामागून एक सगळ्यांनी त्याच पाण्यात बसायचं, आणि नंतर ते पाणी कपडे धुवायच्या यंत्राला द्यायचं. जेट नाहीत, रसायन नाही, राखण नाही. आमच्या शेजारी चाकणमध्ये ब्रिजस्टोनसारखे जपानी कारखाने आहेत, काइझेन आपण त्यांच्याकडून घेतलं, हे राहिलं.

हिशेब असा. अडीचशे लिटरचा टब. घरावरच्या सोलरमधलं ६० अंशांचं ११० लिटर आणि टाकीतलं २४ अंशांचं १४० लिटर एकत्र केलं की पाणी ४० अंशांवर येतं. दोनशे लिटरच्या सोलरमध्ये पाणी उरतंसुद्धा. आठवड्यातून एकदा भरला तर दिवसाला पस्तीस-छत्तीस लिटर पडतात, तेही नंतर झाडांना जातात. दिवस गुरुवारचा. औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी तीच, महावितरणचं देखभालीचं शटडाऊनही गुरुवारीच असतं. वीज नसली तरी सोलरला पंप लागत नाही आणि टाकीचं पाणी उताराने खाली येतं.

टब करून घ्यायला तळवड्याबाहेर जायची गरज नाही. डेअरीची भांडी किंवा हॉटेलची टेबलं करणाऱ्या कुठल्याही स्टेनलेस फॅब्रिकेटरकडे जावं, लांबी चार फूट, रुंदी अडीच, खोली सव्वादोन सांगावी. माणूस बसला की पाणी वर चढतं, म्हणून काठ मोकळा ठेवावा. टेकायची बाजू तिरकी, कडा गोल, वेल्डिंग आतून घासून पॉलिश केलेलं, तळाला दोन इंचांचा व्हॉल्व्ह, बाहेरून पफ भरून दुसरा पत्रा. हाही गच्चीच्या मध्यावर नको, माणसासकट त्याचं वजन पावणेचारशे किलोच्या घरात जातं आणि तेवढ्याला बूड चौरस मीटरभरच. फॅब्रिकेटर एक प्रश्न नक्की विचारेल: स्टील ३०४ ग्रेडचं लावू का ३१६? पाणी दर वेळी सोडून देणार असाल आणि क्लोरीन घालणार नसाल तर ३०४ पुरतं.